चपला बाहेर काढा

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये हार्डवेअरचा कोर्स केला आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आयटी सपोर्टला लागले. बुवापाड्यातल्या आमच्या घरात पगार आणणारी मी एकटी. काम सोपं. फोन आला की विचारायचं, "रीस्टार्ट करून बघितलं का?" निम्मी कटकट तिथंच मिटते.

पहिल्या दिवशी आयटीचे प्रमुख हेमंत सरांनी चिठ्ठी दिली. लॉगिन: अंजनी.

"सर, माझं नाव रविना."

"नव्या लॉगिनचं लायसन्स कोण मागत बसणार? इथं तू अंजनी."

सर्व्हर रूमच्या दारावर सरांच्या सहीची पाटी: चपला बाहेर काढा. धूळ चालत नाही म्हणे. दाराशी निळ्या पट्ट्यांच्या जुन्या चपला होत्या. आत कोणी असेल म्हणून थांबले. कोणीच नव्हतं. चपला रोज तिथंच, आणि रोज ओल्या. मे महिना होता.

सिस्टीममध्ये एकच तक्रार उघडी, नंबर ४१. 'सर्व्हरच्या कपाटाला करंट येतो. अर्थिंग बघा.' पाठवणारी: अंजनी. खाली सरांचा शेरा: 'वापरणाऱ्याची चूक. बंद.' मीही ती बंद केली. सकाळी परत उघडी.

चहावाल्या कौसाबाईंना विचारलं.

"आमच्या बारवी धरणाकडच्या पाड्यावरची पोर ती. चारदा सांगितलंन सायबाला. पावसात भिजून आली, ओल्या पायांनी अनवाणी गेली आत, कपाटालाच चिकटली. सायेब बोलला, तिचीच चूक. तिच्या आयशीला तेच लिहून दिलंन."

"आणि अर्थिंग?"

"कोण करतंय, बाय!"

दुसऱ्या दिवशी तक्रारीखाली नवी ओळ: 'सांगितलं होतं.' माझ्याच लॉगिनवरून. मी पासवर्ड बदलला. शुक्रवारी आणखी एक: 'नव्या पोरीला पाठवू नका.'

शनिवारी दुपारी सर्व्हर अडकला.

"जा, कपाट उघड, बटण दाब," सर म्हणाले.

"करंट येतो, सर. तक्रार आहे."

"मेलेल्या पोरीची तक्रार! जातेस, की सोमवारपासून घरी बसतेस?"

तरी बोलले, "सर, तुम्ही रीस्टार्ट करून बघितलं का?"

शिवी हासडून ते उठले. दाराशी बूट काढले, पाटी त्यांचीच ना. आत फरशीवर कपाटापर्यंत ओली पावलं उमटलेली. मी बघितली. त्यांनी नाही.

बूट घाला, असं मी म्हणाले नाही.

मेन स्विच मीच पाडला. जरा उशिरा.

माणसं धावली. मी टेबलाशी आले. एक्केचाळीस नंबर बंद झाला होता.

शेरा: 'वापरणाऱ्याची चूक.'

बंद करणारी: अंजनी.

परत दाराशी गेले. सरांचे बूट होते. निळ्या चपला नव्हत्या. चपलांचे ओले ठसे जिन्याकडे गेले होते, खाली उतरणारे.