आकडा परत म्हणणारा

शमिकाच्या नावामागे पीएचडीचं डॉक्टर लागून दोन वर्षं झाली, तरी नोकरी सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावरच लटकलेली होती. ओहोटीची वेळ बघून रत्नागिरीहून पूर्णगडची एसटी पकडायची, किल्ल्याखालच्या खडकावर तारेची चौकट ठेवायची आणि आतली कालवं मोजायची. आई विचारायची, "एवढी शिकलीस ती कालवं मोजायला गो?" शमिकालाही तेच कुणाला तरी विचारायचं असे.

या कामाची एक रीत आहे. एकाने मोजून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो परत म्हणत वहीत लिहायचा. म्हणजे वाऱ्यात ऐकायची चूक होत नाही. खर्च कमी करताना संस्थेतल्या तिच्या सरांनी दुसऱ्या माणसाची जागाच उडवली. "तू हुशार आहेस, एकटी करशील," म्हणाले. तेव्हापासून शमिका मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून आकडे सांगायची. मार्चच्या शोधनिबंधात तिचं नाव पहिलं घालायचं सरांनी कबूल केलं होतं. ते आलं तरच कायमच्या जागेची मुलाखत, नाहीतर घरी.

जानेवारीत एकदा ती रेकॉर्डिंग ऐकत वही भरत होती. "चौकट तीन, चौदा," हा तिचा आवाज. मग लाटा. मग हळूच कुणीतरी म्हणालं, "चौदा."

किल्ल्याच्या तटावरून आवाज परतला असेल, असं तिने ठरवून टाकलं. पण तो आवाज पुरुषाचा होता.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "सतरा." रेकॉर्डिंगमध्ये उत्तर आलं, "एकोणीस." दुसऱ्या दिवशी तिने तीच चौकट पुन्हा मोजली. खाचेत दोन बारकी कालवं होती. एकोणीस. तिला भीती वाटली, पण त्याहून जास्त चीड आली. वर्षभर उन्हात पाठ भाजून घेतल्यावर तिची चूक दाखवायला एकदाचं कुणीतरी भेटलं होतं, आणि ते सर नव्हते.

संस्थेच्या कपाटात तिला एक जुनी वही सापडली. विनीत नावाच्या कंत्राटी संशोधकाचे सहा वर्षांचे आकडे, याच खडकावरचे. सरांच्या गाजलेल्या निबंधात तेच आकडे होते, विनीतचं नाव मात्र कुठेच नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा! हा विनीत जगात नसणार, अशी शमिकाची खात्री झाली.

पण विनीत चांगला धडधाकट होता. विचारत विचारत ती पोचली, तेव्हा तो मिरजोळ्याच्या एका मासळी कारखान्यात खोकी तपासत होता.

"पूर्णगडला? मी नाय गेलो परत. मोजायचं आता..." तो मध्येच थांबला, भिंतीकडे बघत रेकॉर्डिंगमधल्याच आवाजात म्हणाला, "बावीस." मग वाक्य पुरं केलं, "...नावच काढत नाय."

तो आत गेल्यावर त्याच्या शेजारी काम करणारी राजश्री कुजबुजली, "रोजचंच आहे हो. मधीच आकडा बोलतात. विचारलं तर म्हणतात, मी कुठे बोललो?"

शमिकाने घड्याळ पाहिलं. ओहोटीचीच वेळ होती.

मार्चमध्ये निबंध छापून आला. आधी सर, मग सरांचे पुण्यातले मित्र, मग मित्रांचा विद्यार्थी. शमिका शेवटी आभारात, धाकू शिपायाच्या खाली.

"अगं, नुसत्या मोजणीला लेखक म्हणत नाहीत," सर म्हणाले.

तिने चौकट त्यांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली. जूनपासून ती रत्नागिरीतल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली.

दसऱ्यानंतर तिच्या जागी लागलेल्या ईशाचा फोन आला. "मॅडम, तुम्ही मंगळवारी खडकावर आला होता का?"

"नाही. का गं?"

ईशाने फोनवरच रेकॉर्डिंग लावलं.

"चौकट एक, तीस," ईशाचा आवाज.

लाटा.

"एकतीस," विनीतचा आवाज.

"एकतीस," शमिकाचा आवाज.

"हे किती वाजताचं?" शमिकाने विचारलं.

"सव्वाअकराला."

मंगळवारी सव्वाअकराला ती वर्गात पेशीचं चित्र काढत होती. तेव्हा पोरं एकदम हसली होती. का हसता, म्हणून तिने विचारलं नव्हतं.