ऑस्कुनोट्टचा चौथा अल्बम

मेहकरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक असलेल्या प्रसेनजितला आइसलँडच्या एका मेटल बँडचं वेड होतं. बँडचं नाव ऑस्कुनोट्ट, म्हणजे राखेची रात्र. चौघंजण. पहिल्या अल्बममध्ये नुसता दणका होता. छातीत बसणारे ड्रम, करवतीसारखी गिटार आणि गायकाचं घसा फाडून ओरडणं.

दुसऱ्या अल्बमसाठी बँडनं जगभरच्या चाहत्यांकडून आवाज मागवले. त्याच आठवड्यात वरवट बकालला प्रसेनजितची आतेबहीण सुवर्णा तापानं गेली. आत्या, तानाबाई, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. एकेक आठवण सांगत, हेल काढत. प्रसेनजितनं खिशातल्या खिशात मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. रात्रीच ते पाठवूनही दिलं.

गाण्यात ते रडणं जेमतेम दहा सेकंद होतं. प्रसेनजितनं हौसेनं ते गावात दोघाचौघांना ऐकवलं, आणि गोष्ट आत्यापर्यंत गेली. तिनं त्याला बोलावून घेतलं, गाणं पूर्ण ऐकलं, मोबाइल परत दिला.

"थे माह्या लेकीसाठी होतं," ती म्हणाली. "तू थे लोकाइले देलं. आता थे त्याइच्या घरी राहीन. तुह्याबी."

दोन महिन्यांत तीही गेली.

तिसऱ्या अल्बममध्ये ड्रम मंदावले होते. ड्रमवाल्याचं मनगट एका सकाळी आखडलं ते आखडलंच. डॉक्टरांना काही सापडलं नाही. गायकाचा घसा बसला, तो पुन्हा उघडला नाही. त्या दोघांच्या जागी मागून एका बाईचा हेल यायचा. बँड आता परिपक्व झाला, असं समीक्षकांनी लिहिलं. गिटारवाला मुलाखतीत म्हणाला, स्टुडिओत कुणी बाई नाही. जुनं रेकॉर्डिंग आम्ही कधीच पुसलं, तरी ती येते.

प्रसेनजितनं त्याला मेल लिहायला घेतला. आत्याचं नाव टाइप केलं आणि सगळंच खोडून टाकलं.

चौथा अल्बम आला तेव्हा बँडमध्ये तो गिटारवाला एकटाच उरला होता. रविवारी दुपारी प्रसेनजितनं हेडफोन लावला. एकच गाणं, चाळीस मिनिटांचं. गिटार नव्हती. नुसतं रडणं होतं, आणि आता त्यातले शब्द स्पष्ट होते. जगभर हजारो लोक ते ऐकत असतील. ते शब्द कळणारा बहुधा तो एकटाच होता.

आत्या कुणा गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगत होती. लहानपणी विहिरीत पडला होता, वाचला. मेहकरले नोकरी लागली.

"कालच नवा सदरा आला रे बावा, निळा."

प्रसेनजितनं अंगातल्या सदऱ्याकडं पाहिलं. त्याची बायको समता हिनं तो कालच आणला होता. गाणं तर कित्येक महिन्यांपूर्वी, हिवाळ्यातच रेकॉर्ड झालेलं होतं.

आत्या थांबली.

तिच्या मागून दुसरी बाई रडू लागली. नाव न घेता. रडून रडून बसलेल्या आवाजात नुसतं "अहो, अहो" म्हणत.

त्यानं हेडफोन काढला.

"अहो," स्वयंपाकघरातून समतानं हाक मारली. "जेवाले येता न?"

आवाज तोच होता. फक्त अजून बसला नव्हता.