शालन सपकाळ यांचा होकार

विट्याच्या स्थानकावर पलूसची गाडी लागली, की प्रणोतीच्या कामाला सुरुवात व्हायची. तिचं टेबल माडीवरच्या खिडकीशी, आणि खिडकीपासून हाकेच्या अंतरावर 'वाटसरू' बससेवेचं स्थानक. गाड्या पुकारायची ती तिची आईच. शालन सपकाळ घरात बोलायची एका ढंगात आणि माइकवर दुसऱ्याच. माइकवर तिच्या बोलण्याला जात्याच्या फेऱ्यासारखी लय यायची: गावाचं नाव, मग थोडं थांबणं, मग फलाट. त्या लयीवर प्रणोतीनं शाळेचा अभ्यास केला होता, आणि आता त्याच लयीवर ती संकेतस्थळं बांधायची.

रात्रीतून कुठं काय मोडलं ते सकाळी आधी बघायचं. पडद्यावर ढीगभर पानं उघडी, त्यातली निम्मी कशाला उघडली होती ते आठवायचं नाही. शेजारी चहा साय धरून बसायचा. काम अडलं, की ती लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला समजावून सांगायची. "हे बघ, माणूस इथं बोट ठेवतो, मग पुढचं पान उघडायला हवं. बरोबर? मग का उघडत नाही?" बरणी काही बोलायची नाही, पण सांगता सांगता चूक दिसायची. आणि काम झालं, की शेवटी प्रणोती स्वतःच गिऱ्हाईक होऊन सगळ्या पानांतून धावत जायची. मान्य. पुढे. मान्य. पुढे. होय. वाचायची नाही. आपणच लिहिलेलं पुन्हा कोण वाचतं?

त्या दिवशीही पलूसची गाडी वेळेवर पुकारली गेली. कुंडलमार्गे, फलाट तीन. थोड्या वेळानं प्रणोती कप घेऊन खाली आली आणि जिन्यातच थबकली.

आई स्वयंपाकघरात बसून घेवडा निवडत होती.

तिची आठवड्याची सुट्टी होती. हातातली शेंग तशीच धरून ती खिडकीकडं बघत होती. बाहेर तिचाच आवाज आता आटपाडीची गाडी पुकारत होता.

"प्रणे," आई हळूच म्हणाली, "ती कोण गं?"

"तूच आहेस की."

"मी हितं हाय."

तिनं स्थानकप्रमुखांना फोन लावला. ते खुशीत होते. "शालनकाकी, अभिनंदन! तुमचा होकार आला की कालच. आता तुम्ही रजेवर असलात तरी बोलताय. चहा पाजा आधी."

"माझा होकार? मी कवा दिला?"

"'होकार'वर आलाय. तुमच्या नावानं, पक्का."

प्रणोतीनं हातातला कप खाली ठेवला. 'होकार' हे संकेतस्थळ तिनंच बांधलं होतं.

ती घरून ज्या कंपनीचं काम करायची, ती पुण्याची. कचेऱ्या, पतसंस्था, बससेवा, ज्यांना ज्यांना लोकांची संमती हवी असेल त्यांनी आपला प्रश्न 'होकार'वर टाकायचा. सारखं विचारलं की लोक कंटाळतात, म्हणून त्याच्या पोटात प्रोग्रामचा एक थर बसवलेला होता. त्याला सगळे 'चाहूल' म्हणत. बोट पडद्यावर किती रेंगाळतं, कुठल्या शब्दापाशी मागं फिरतं, कुठं सरसर पुढं जातं, यावरून चाहूल माणूस ओळखायची. ओळख पुरेशी पटली, की ती विचारणं सोडून द्यायची. उत्तर स्वतःच भरायची आणि माणसाला नुसतं कळवायची. कायद्यानंही ते उत्तर त्या माणसाचंच धरलं जाई. फारशी कुणाची तक्रार नव्हती. विचारणं म्हणजे त्रास देणं, असं सगळ्यांनाच वाटू लागलं होतं.

बससेवेचा प्रश्न काय असणार, हे आईला ठाऊक होतं. आपला आवाज सेवेच्या सगळ्या स्थानकांना कायमचा द्याल का? होय म्हटलं तर यंत्र तिच्या आवाजात गावोगाव गाड्या पुकारणार आणि आई आतल्या टेबलावर कागदांत. नाही म्हटलं तर माइक तिच्याकडंच. प्रश्न फोनवर येणार होता. आई त्याची वाट बघत होती, कुणी विचारलं तर "बघू की" म्हणत होती. प्रश्न आलाच नव्हता.

प्रणोती माडीवर गेली आणि तपासणीसाठी ठेवलेला जुना फोन तिनं खणातून काढला. त्याचा आवाज कायम बंद असायचा. संदेशांच्या गर्दीत तो होता: 'शालन सपकाळ, आपल्या वतीने होय नोंदवले आहे.'

कसं झालं हे कळायला तिला बरणीची गरज लागली नाही. संकेतस्थळ तपासायला एक माणूस लागतो. खोटं नाव, खोटा कर्मचारी क्रमांक 'होकार' घ्यायचंच नाही. म्हणून तिनं सुरुवातीलाच आईचं नाव आणि क्रमांक घातला होता आणि फोन हा, स्वतःचा. नंतर बदलू, असं म्हणून. तेव्हापासून रोज ती आई होऊन आत जायची. मान्य. पुढे. मान्य. पुढे. होय. चाहूलला शालन सपकाळ माहीत होती ती अशी: कधीही, कुठंही न अडखळणारी बाई.

तिनं इम्तियाजला फोन लावला. तो मिरजेचा, तिच्या कामाचा प्रमुख, पण दोघांचं अरे-तुरे चालायचं.

"उलटवता येईल," सगळं ऐकून तो म्हणाला. "ते बोट आईचं नव्हतं, तुझं होतं, असं लिहून दे. सगळ्यांना जाईल ते, बससेवेलाही."

"देते."

"थांब. पूर्ण ऐक. नवीन माणूस आला, की चाहूल कोऱ्या पाटीवर सुरुवात करत नाही. सगळ्यात जास्त ओळखीचा माणूस नमुना म्हणून धरते. आता सांग, 'होकार'वर सगळ्यात जास्त वेळा कोण आलंय?"

प्रणोतीनं हातातल्या जुन्या फोनकडं बघितलं. मग म्हणाली, "आई."

"आई कुठली गं? तू."

बाहेर आईचा आवाज दहिवडीची गाडी पुकारत होता.

"म्हणजे बाकीच्यांचे होकारसुद्धा..."

"किती जणांचे, ते बंद केल्याशिवाय कळणार नाही. आणि बंद करायचं तर ज्याच्या हातून झालं त्यानं लिहून द्यायचं, हा आपलाच नियम. मी तुझ्या बाजूनं बोलेन. पण तुला कामावर ठेवतील, असा शब्द देत नाही."

ती खाली आली. आई आता दारात उभी राहून ऐकत होती, नवी सून भाकरी कशी थापते ते सासूनं बघावं तशी.

"आवाज बरा काढलाय," आई म्हणाली. "पण कळत न्हाई तिला. मायणी म्हटलं, की मी थांबते. बाया पिशव्या उचलत्यात, पोरं गोळा करत्यात. तेवढं झालं की मग फलाट सांगायचा. ही बया नुसती पळतीया. त्यांनी काय पिशव्या टाकून पळायचं?"

प्रणोतीनं सगळं सांगितलं. नाव, क्रमांक, जुना फोन, रोजचं मान्य-पुढे. आईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हंजे रोज तू मी व्हायचीस."

"हो."

"आणि मी सगळ्याला हो म्हणत होते?"

"हो."

"लई गरीब होते की मग मी!" आई हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "आता खरं सांगू? मी बहुतेक हो म्हटलंही असतं. घसा आता पहिल्यासारखा न्हाई."

"मग राहू दे का तसंच?" प्रणोतीनं विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली. तसंच राहिलं तर नोकरी जाणार नव्हती. कुणाला काही कळणार नव्हतं.

"म्हटलं असतं, म्हणाले. म्हटलं न्हाई अजून." आईनं घेवड्याचं ताट उचललं. "माझं मला म्हणू दे की. का तेबी जड झालं तुम्हाला?"

प्रणोती माडीवर गेली आणि जसं घडलं तसं तिनं लिहून काढलं. पाठवायच्या आधी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग पाठवलं.

दुपार टळायच्या आत 'होकार' बंद झालं. स्थानकावरचा आवाज एका गावाच्या नावावर तुटला. लोक फलाटांवर इकडून तिकडं पळू लागले. स्थानकप्रमुख बाहेर येऊन स्वतःच ओरडू लागले आणि त्यांच्या ओरडण्यातून कुठली गाडी कुठं लागली ते कुणालाच कळेना. आई खिडकीतून बघून म्हणाली, "कुणी पाणी द्या रे त्यांना." प्रणोतीच्या नोकरीचं काय ते इम्तियाजलाही अजून कळलं नव्हतं. चाहूलनं भरलेले होकार मात्र सगळे रद्द झाले. ते कुणाकुणाचे आणि कसले होते हे बघायला पुण्यात माणसं बसली होती.

संध्याकाळी बससेवेचा प्रश्न आईच्या स्वतःच्या फोनवर आला. बससेवेचंच साधं पान, आत चाहूल नाही. खाली दोन बटणं.

आईनं चष्मा लावला. वाचलं, पुन्हा वाचलं. बोट वर नेलं, मागं घेतलं. पदरानं फोनची काच पुसली. शेजारी बसलेल्या प्रणोतीचा अंगठा नकळत हलला, तो तिनं मुठीत दाबून धरला. एवढा वेळ कुठल्याही पानावर थांबलेलं माणूस तिनं कधी पाहिलं नव्हतं. कामावर असती तर म्हणाली असती, इथं काहीतरी बिघडलंय, दुरुस्त करा.

"प्रणे," पानावरची नजर न काढता आई म्हणाली, "तू तर इतके दिवस मी होऊन बसली होतीस. सांग बघू, मी काय म्हणीन?"

आईचं विचारून संपायच्या आतच उत्तर प्रणोतीच्या जिभेवर तयार होतं. एका शब्दाचं, लख्ख, जराही शंका नसलेलं. ते ओठांशी आलं तशी ती दचकली. हे तिला आईच्या पोटची म्हणून कळलं होतं, की आईच्या नावानं रोज दाबलेल्या बटणांनी तिच्याही आत एक चाहूल बसवून ठेवली होती?