शेवटचा फर्मा

तिसऱ्यांदा तेच पुस्तक टेबलावर आलं, तेव्हा बाइंडिंगवालीच्या भुवया वर गेल्या.

"परत सुटलं?"

"सुटलं ना..." लिफ्ट दुरुस्त करणारा तो पोरगा धापा टाकत हसला.

चौथा मजला, लिफ्ट धडधाकट, आणि हा लिफ्टवाला जिन्याने येतो! कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने शिवण बोटावर घेतली. झिजून तुटलेल्या दोऱ्याला मिशा फुटतात. हा दोरा टोकाशी साफ होता — ब्लेडने कापलेला. तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"शनिवारी या."

"तुम्ही हसत नाही का कधी?"

"शनिवारी बघू."

तिचा संशय एकच — आत्या! मम्मी गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिने एकदाही प्रार्थना केली नव्हती, आणि तिला चर्चकडे वळवायला आत्या कोणाकोणाला धाडायची. आधी गाणाऱ्या दोन मुली, मग एक पेटीवाला. आता हा, गालावर खळीवाला. आत्याची निवड सुधारली होती, एवढंच!

पुस्तकही ख्रिस्ती कादंबरीच. वाचायची नाही म्हणजे नाही, तिने ठरवलं. पण सोळा-सोळा पानांचा एकेक फर्मा शिवताना डोळे कुठे ठेवणार? गोष्टीत एक बेकरीवाली होती, लेकरू गेलेली. दर रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसायची आणि वेदीकडे नुसती रोखून बघायची. देवाशी भांडायलासुद्धा तोंड उघडायची नाही.

कचकन सुई बोटात घुसली. मेल्याला माझं कोणी सांगितलं?

मग तिने उभ्या-उभ्या सगळं वाचलं. डब्यातली खळ वाळून गेली. आणि बघते तर — शेवटचा फर्माच गायब!

शनिवारी तो दारात दिसताच ती कडाडली, "शेवटची पानं कुठायत?"

"तुम्ही वाचलंत?"

"विचारलं ते सांग! दोरा तूच कापलास. आत्याने पढवून पाठवलं ना?"

"कोण आत्या?" तो खरंच गोंधळला... की नाटक? "दोरा मीच कापला. माझ्या आजीचं पुस्तक आहे. पहिल्यांदा आपोआप सुटलं होतं. तेव्हा तुम्ही दातात दोरा धरून माझ्याकडे बघितलंत, आणि नंतर... सुटेचना. काय करणार?"

"आणि जिना?"

"लिफ्टने पटकन येतो. काय बोलायचं ते ठरत नाही."

"आज ठरलं?"

"अजून एक मजला हवा होता."

तिने ओठ चावला. हसायचं नव्हतं. थापा असतील!

त्याने शर्टाच्या आतून तो फर्मा काढला. "चौथ्यांदा यायला कारण म्हणून ठेवला होता."

"ती... शेवटी बोलते का देवाशी?" तिचा आवाज कापला, आणि स्वतःच्याच आवाजाचा तिला राग आला.

"माहीत नाही. आजी गेल्यापासून मीपण तसाच, तोंड बंद. एकट्याने वाचायचा धीर होईना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खरं? खोटं? मग तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं.

आणि मनातल्या मनात, दोन वर्षांनी, डोळे टक्क उघडे ठेवून म्हणाली — देवबापा, याच्यावर माझा भरवसा नाही. तुझ्यावर तर नाहीच नाही. पण आलाच आहेस तर तूही बस.

"वाच," ती त्याला म्हणाली. "मोठ्याने. आणि ते ब्लेड आधी इकडे दे."