उत्तरेकडचा हात

मंगळावर होकायंत्र चालत नाही. सबंध ग्रहाला वेढणारं चुंबकीय क्षेत्र (चुंबकाचा प्रभाव जाणवतो तो परिसर) तिथे नाही. मग जमिनीखालच्या गुहेत उत्तर दिशा शोधायची कशी?

हा प्रश्न ऋजुताला परीक्षेत आला असता तर बरं झालं असतं. पण ती लाव्हानलिकेत (लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्यात) उभी होती. छतावरची धूळ कोसळून पावलांचे ठसे बुजले होते, नकाशाचं यंत्र बंद पडलं होतं. समोर दोन वाटा होत्या. चुकीची निवडली, तर परत फिरण्याइतकी हवा टाकीत उरणार नव्हती.

"आपण डावीकडून आलो," ती म्हणाली.

"मघाशी घाबरून गरागरा फिरलीस. आता तुझं डावं कुठलं?" शर्वरीआत्या म्हणाली. ती वस्तीवरची भूशास्त्रज्ञ होती.

"वस्ती उत्तरेला आहे," ऋजुताचा ऑस्ट्रेलियन वर्गमित्र लेनी म्हणाला. शिरस्त्राणातला अनुवादक त्याचं बोलणं मराठीत ऐकवत होता. "तुझ्या उत्तरेकडच्या हाताची वाट."

"झालं याचं सुरू. काल म्हणे, माझ्या पूर्वेकडच्या गालाला जॅम लागलाय."

"लागलाच होता."

तो त्या वाटेने चालू लागला आणि आत्या त्याच्या मागे निघाली.

"आत्या, तो चुकला तर?"

"त्याच्या घरी इंग्रजी नाही, तिथली आदिवासी भाषा बोलतात. तिच्यात डावं-उजवं म्हणतच नाहीत. नुसतं 'जरा सरक' म्हणायचं तरी दिशा सांगायची. त्यामुळे प्रत्येक वळण त्याचं मन आपोआप टिपून ठेवतं."

"म्हणजे डोक्यात चुंबक?"

"चुंबक नाही गं, सवय. पाहुण्यांना मामा म्हणायचं की काका, हे तू कसं ठरवतेस?"

"त्यात काय ठरवायचं? आईकडचे मामा, बाबांकडचे काका."

"बघ. आपली भाषा नात्याकडे लक्ष द्यायला लावते, त्याची दिशेकडे. पृथ्वीवर सुमारे सात हजार भाषा आहेत. प्रत्येकीची लक्ष देण्याची तऱ्हा थोडी निराळी. आणि शिकायला कुणालाच बंदी नाही."

तेवढ्यात वाट भलतीकडेच वळली. ऋजुता थबकली. लेनी मात्र थांबला नाही. आणखी एक वळण गेलं आणि पुढे तांबूस उजेड दिसला.

बाहेर धुळीचा पडदा होता. वस्ती कुठेच दिसेना. ऋजुताने डोळे मिटले, आलेली वळणं मनात पुन्हा घेतली आणि हात उचलून दिशा दाखवली.

लेनीने तिचा हात हलकेच थोडा पूर्वेला सरकवला.

"जवळजवळ," तो म्हणाला.

त्या दिशेने तिघं चालू लागली. या वेळी पुढे ऋजुता होती.