एका दिवसाचा खंड

प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवरच्या फलकावर नांदखेडे नगरपरिषदेचा आकडा सगळ्यात वर होता. शहाण्णव टक्के. तो बघून ऋजुता केळुसकरला आनंद व्हायला हवा होता, पण ती तो पुन्हा पुन्हा तपासत होती.

राज्यातल्या नगरपरिषदांच्या कर्मचाऱ्यांना ‘सहमेज’ शिकवायचं काम तिच्या तुकडीकडे होतं. सहमेज म्हणजे सगळ्या कचेरीचं मिळून एकच टेबल. नळाची तक्रार आली की पाणीपुरवठा, बांधकाम आणि आरोग्य विभागानं एकाच पानावर, एकाच वेळी लिहायचं, प्रत्येकानं आपापल्या टेबलावरच्या पडद्यावरून. त्या पडद्याला सगळे ‘मेज’ म्हणत. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणार नाही आणि तिथे झोपणारही नाही. कल्पना सोन्यासारखी होती. पण बाकीच्या गावांत वर्षभर डोकं आपटूनही चाळीस टक्क्यांच्या पुढे गाडी जात नव्हती. आणि नांदखेड्यात? तिथल्या पहिल्या वर्गात मुख्याधिकारी थिटे हार घालून घेऊन, फोटो काढून निघून गेले होते. उरलेल्यांतले तिघं चक्क घोरत होते. ती माणसं शहाण्णव टक्के काम सहमेजवर करतात, हे तिला पटत नव्हतं.

ती उठून डॉक्टर नझीर मुजावरांच्या प्रयोगशाळेत गेली. सहमेजला माणूस ओळखायला शिकवलं होतं ते मुजावरांनी. पूर्वी कचेऱ्यांतले पासवर्ड भिंतीवर चिकटवलेले असत. मुजावरांनी पासवर्डच काढून टाकले आणि त्यांच्या जागी ‘कार्यठसा’ आणला.

“सर, एकाच माणसाचा ठसा दोन मेजांवर असेल तर आपल्याला कळतं?” तिनं विचारलं.

“नाही कळत,” मुजावर म्हणाले. “ठसा म्हणजे काय? तुमची बोटं कुठे अडखळतात, कुठली ओळ तुम्ही दोनदा वाचता, काय लिहून खोडता. माणूस अख्खा उतरतो त्यात. असे दोन माणसांचे ठसे एकमेकांशी ताडून बघायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.”

“आणि मेज हा ठसा शिकतं कसं?”

“पहिले एकवीस दिवस समोर जो बसेल त्याला ते आपलं मानतं. बाविसाव्या दिवसापासून दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. म्हणून तर आपण हजेरीपुस्तक बंद केलं. ठसा आहे तोवर माणूस सेवेत. ठसा पुसला की सेवा संपली.”

“पुसतात कधी?”

“माणूस नोकरीतून गेला की. तेव्हा मात्र यंत्रणा त्याचा ठसा जिथे असेल तिथून शोधून काढते आणि कायमचा नष्ट करते. तो जाणाऱ्याचा हक्क आहे.” हे सांगताना मुजावरांना अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न कळवता ऋजुता नांदखेड्याला गेली. पावणेदहाला कचेरीत पोचली तेव्हा मुख्य दालनात चाळीस रिकाम्या खुर्च्या होत्या आणि एक बाई या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसत चालली होती. बसायची, मेजावर चार ओळी लिहायची, मेज उघडलं की उठायची, पुढच्या खुर्चीवर. कोपऱ्यात सफाई विभागाचे मुकादम येसाजी भिसे एका बोटानं आपलं पान भरत होते. त्यांच्याखेरीज खोलीत कुणी नव्हतं.

ती बाई निर्मल वाघचौरे. कंत्राटी टंकलेखन सहायक. आठ वर्षं याच कचेरीत.

ऋजुतानं ओळख सांगितल्यावर निर्मल आधी घाबरली, मग हळूहळू बोलती झाली. शिकण्याच्या एकवीस दिवसांत जो तो म्हणाला, निर्मल, तू जरा बसून दे. ती बसली. बाविसाव्या दिवशी साहेबांनी हौसेनं बटणं दाबून पाहिली, तर मेजानं त्यांना ओळखायलाच नकार दिला. तेव्हापासून चाळीस जणांची मेजं तीच उघडते, आणि उघडल्यावर लिहितेही तीच. थिटे साहेबांच्या नावानं ‘चर्चा करावी’ लिहायचं, बांधकामवाल्यांच्या नावानं ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ लिहायचं. सगळ्यांचं तिला पाठ होतं. नळाच्या तक्रारींचा निपटाराही खरोखर होत होता, कारण ती तिन्ही विभागांच्या वतीनं एकटीच लिहीत होती आणि स्वतःशी भांडायला तिला वेळ नव्हता.

“तुमचं मेज?” ऋजुतानं भिसेंना विचारलं.

“माझं मीच करतो,” मुकादम म्हणाले. “बाईला चाळीस जणांचं आहे. तिच्या गळ्यात आपलं कशाला घाला? दिवसाला बारा ओळी होतात. कुठली गल्ली झाडली, कुठली राहिली. बास की.”

ऋजुताच्या कानशिलांत रक्त चढलं. चाळीस जण ठणठणीत तब्येतीनं बाहेर चहा पीत होते. त्यांतला कुणी आजारी नव्हता की आंधळा नव्हता. त्यांना शिकायचंच नव्हतं, आणि शिकले नाहीत म्हणून त्यांना कुणी जाब विचारणारही नव्हतं. जाब विचारायची तिच्याच तुकडीची जबाबदारी होती. तिनं काय केलं? आकडा बघितला आणि सही ठोकली. आपलाच राग तिला सगळ्यात जास्त आला.

निघताना निर्मलनं तिला जिन्यात गाठलं.

“मॅडम, साहेब तुमचं ऐकतील का? उद्या माझे अकरा महिने भरतायत.”

त्याचा अर्थ असा होता. सलग बारा महिने सेवा झाली की कंत्राटी माणसाचं नाव आपोआप कायम यादीत जातं, असा जुना नियम होता आणि सहमेजनंही तोच उचलला होता. म्हणून नगरपरिषद अकरा महिने भरले की निर्मलची सेवा समाप्त करायची, एक दिवस घरी बसवायची आणि तिसऱ्या दिवशी नव्यानं नेमायची. याला कचेरीत ‘खंड देणं’ म्हणत. आठ वर्षांत आठ खंड झाले होते; सहमेज आल्यापासूनचा मात्र हा पहिलाच. आणि या सेवासमाप्तीचे आदेशही थिट्यांच्या नावानं निर्मलच टंकत असे.

“मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईची नोकरी लिहायची असते,” ती म्हणाली. “आठ वर्षं मी तिथं ‘तात्पुरती’ लिहिते. परवा पोरीनं विचारलं, आई, तात्पुरती म्हणजे किती दिवस?”

ऋजुता तडक थिट्यांच्या खोलीत शिरली. श्रीरंग थिटे राज्य पुरस्काराच्या भाषणाची उजळणी करत होते. तिनं सगळं तोंडावर सांगितलं. चाळीस मेजं एक बाई चालवते, आणि ज्या बाईवर तुमची नगरपरिषद उभी आहे तिला तुम्ही दर अकरा महिन्यांनी उंबऱ्याबाहेर काढता. निदान या वेळी तरी खंड देऊ नका. थिट्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकीला कायम केलं तर उद्या दारात रांग लागेल, असं ते म्हणाले. शिवाय, शहाण्णवाचा आकडा मॅडमच्या सहीनं वर गेलाय, तो खोटा ठरला तर आधी कुणाची मान अडकेल, हेही त्यांनी गोड आवाजात विचारलं.

“आणि एवढं मनाला काय लावून घेता?” ते म्हणाले. “एका दिवसाचा तर खंड आहे. त्यानं काय होतं?”

मग घंटी वाजवून त्यांनी निर्मलला बोलावलं आणि ऋजुतासमोरच तिला दोन कामं सांगितली. खंडाचा आदेश उद्या संध्याकाळी काढायचा. आणि यापुढे केळुसकर मॅडमकडून मेजावर जे येईल ते वाचून दाखवायला आणायचं नाही, परस्पर दप्तरी दाखल करायचं.

निर्मल ‘बरं’ म्हणाली. ऋजुता पिशवी उचलून बाहेर पडली.

परतीच्या वाटेत ती मनातल्या मनात थिट्यांशी भांडत होती. भांडता भांडता मुजावरांचं वाक्य तिला आठवलं आणि ती सीटवर ताठ बसली. तिनं त्यांना फोन लावला.

“सर, चाळीस मेजांवर एकाच बाईचा ठसा आहे. उद्या तिची सेवा एका दिवसासाठी समाप्त होतेय.”

“मग चाळीसही पुसले जातील,” मुजावर म्हणाले. “यंत्रणेला एक दिवस कळत नाही आणि नावंही कळत नाहीत. तिला ठसा तेवढा कळतो.”

“आणि त्या चाळीस जणांची सेवा?”

“ठसा पुसला की सेवा संपली. त्यांची सलग सेवा शून्यावर येईल. पुसलेला ठसा परत आणता येत नाही.”

ऋजुतानं त्याच क्षणी थिट्यांच्या मेजावर सविस्तर इशारा लिहिला. काय होईल, का होईल आणि कसं टाळता येईल, ते सगळं स्पष्ट शब्दांत. टाळायचं तर एकच करायचं होतं, खंड द्यायचा नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘पाहिले. दप्तरी दाखल.’

ते कुणी लिहिलं होतं हे तिला ठाऊक होतं. निर्मलनं इशारा वाचला होता, समजून घेतला होता आणि साहेबांचा हुकूम अक्षरशः पाळला होता. थिट्यांना फोन करून सावध करणं ऋजुताला सहज जमलं असतं. तिनं फोन पिशवीत टाकला.

दोन दिवसांनी, निर्मल घरी बसली होती त्या सकाळी, थिट्यांचाच फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. ऋजुता पोचली तेव्हा सगळी कचेरी आपापल्या खुर्चीमागे उभी होती आणि प्रत्येक मेजावर तोच मजकूर होता: ‘आपली सेवा काल सायंकाळी समाप्त झाली आहे. पुन्हा रुजू होण्यासाठी एकवीस दिवस स्वतः काम करावे.’ थिट्यांची तेवीस वर्षांची सलग सेवा मिटली होती. त्या जागी शून्य होतं.

एकच मेज चालू होतं. पद रिकामं झालं की प्रभार सेवेत असलेल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडे जातो, आणि नांदखेडे नगरपरिषदेत सेवेत असलेला माणूस आता एकच होता. येसाजी भिसे, मुकादम, प्रभारी मुख्याधिकारी.

थिट्यांनी ऋजुताला बाजूला नेलं. उपाय त्यांनी शोधून ठेवला होता. प्रशिक्षकानं शपथेवर लिहून दिलं की मेजावरचं काम त्या-त्या माणसानं स्वतःच केलं होतं, तर सेवा पूर्ववत होत होती. एक सही, मॅडम. चाळीस घरांचा प्रश्न आहे.

“लिहून देते,” ऋजुता म्हणाली. “बसा. हे कोरं मेज आहे. नळाची एक तक्रार उघडून दाखवा.”

थिटे बसले. त्यांनी एक बटण दाबलं, मग दुसरं. कपाळावरचा घाम रुमालानं टिपला. बाकीचे एकोणचाळीस जण बघत होते, आणि त्यांतला एकही पुढे होऊन मदत करू शकत नव्हता. तक्रार काही उघडली नाही.

ऋजुतानं खरं ते लिहिलं. चाळीस मेजांवरचा ठसा निर्मल वाघचौरे यांचा होता. नांदखेड्यात सहमेज वापरणारी माणसं दोन आहेत, बेचाळिसांपैकी दोन. शहाण्णव हा आकडा चूक असून त्याखालची सही माझी आहे. शेवटचं वाक्य लिहिताना तिची बोटं अडखळली, आणि मेजानं तेही टिपलं असणार.

“प्रभारी साहेबाला खंड रद्द करता येतो का हो?” मागून भिसेंनी विचारलं.

येत होता. नियम पहिल्यापासून होता, पण आजवर कुणी वापरला नव्हता. भिसे एका बोटानं लिहायला बसले. वीस मिनिटं लागली. ‘निर्मल वाघचौरे यांचे सगळे खंड रद्द.’ मेजानं हिशेब केला, सलग सेवा आठ वर्षं, आणि नाव आपोआप कायम यादीत गेलं. मग ते इतरांकडे वळले आणि म्हणाले, तुम्हीपण अर्ज करा, करू रद्द. नियमाप्रमाणे अर्ज सहमेजवर पाहिजे, आपल्या हातानं लिहिलेला.

सोमवारी सभागृहात पहिला वर्ग भरला. या वेळी कुणी घोरत नव्हतं. फलकावर नांदखेडे तळाला गेलं होतं, ऋजुताची चौकशी लागली होती, आणि तरी वर्षभरात पहिल्यांदाच आपण खरोखर शिकवतोय असं तिला वाटत होतं. धडा पहिला, मेज कसं उघडायचं. थिटे पहिल्या रांगेत दोन तर्जन्या सरसावून अर्जाची पहिली ओळ शोधत होते.

निर्मल शेजारून आपल्या मेजाकडे निघाली होती. त्यांनी तिला थांबवलं.

“निर्मलताई, एवढा अर्ज तेवढा बसून द्या की,” ते हळूच म्हणाले. आठ वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं. “तेवीस वर्षांची सलग सेवा मोडली हो माझी.”

निर्मलनं त्यांच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं.

“एका दिवसाचा तर खंड आहे, साहेब,” ती म्हणाली. “त्यानं काय होतं?”

आणि ती आपल्या मेजावर जाऊन बसली.