शून्याच्या खाली

पाथरडोहची टेकडी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तळाला टेकली. कसला आवाज झाला नाही की धक्का बसला नाही. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर उंचीमापक काचनळी होती, तिच्यातला लाल स्तंभ तेवढा सगळ्यात खालच्या रेघेवर येऊन थांबला. त्या रेघेशेजारी शून्य लिहिलेले होते.

डॉ. अनसूया पिंपळशेंडे त्या शून्याकडे बघत उभ्या होत्या. तेवीस वर्षांपूर्वी ती रेघ त्यांनीच आखली होती. आता त्या शहात्तर वर्षांच्या होत्या आणि निवृत्त होऊनही त्यांना बराच काळ लोटला होता. तरी अकरा दिवस सूर्य दिसला नव्हता म्हणून त्या रोज सकाळी छत्री घेऊन इथे येत. आजारी माणसाच्या उशाशी बसावे तशा त्या काचनळीसमोर बसत.

ही उचलटेकडी म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई. काळ्या खडकाचा सत्तर लाख टनांचा एक दंडगोल त्यांनी सभोवतालच्या डोंगरातून कोरून सुटा केला होता. दिवसा सौरपत्र्यांच्या विजेवर त्याच्याखाली पाणी दाबून भरायचे, की सबंध टेकडी पंचाहत्तर मीटर वर उचलली जाई. वीज लागली की पाण्याला वाट द्यायची. टेकडीच्या भाराने ते जलचक्रांमधून जोराने बाहेर पडे, शहराला वीज देई आणि शेजारच्या तळ्यात जाऊन विसावे. त्या तळ्याला पाथरडोहचे लोक 'थकलेलं तळं' म्हणत, कारण तिथे पोहोचलेल्या पाण्याचे काम संपलेले असे.

टेकडी पहिल्यांदा उचलली तो दिवस अनसूयाबाईंच्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा उभा राही. बायका टेकडीची ओटी भरायला आल्या होत्या आणि ओटी नेमकी कुठे ठेवायची यावरून त्यांच्यात वाद चालला होता. हातभर वर सरकलेला खडक बघून एका म्हाताऱ्याने पायातल्या चपला काढल्या होत्या. बाईंनी भाषणात सांगितले होते की दगड कुजत नाही, गंजत नाही, आणि उंचावर ठेवलेला दगड आपली ऊर्जा कधी विसरत नाही, तेव्हा आता डिझेलची जनित्रे विकून टाका. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच वर्षी इस्पितळाची दोन्ही जनित्रे भंगारात गेली.

त्या टाळ्या आज त्यांच्या कानांत वाजत होत्या. पुरात वीजवाहिनीचे मनोरे आडवे झाले होते, पूल पाण्याखाली होता. हवामान खात्याचा निरोप होता की आभाळ उद्या सकाळी मोकळे होईल, म्हणजे अजून चोवीस तास. इस्पितळात एकतीस माणसे श्वासयंत्रांवर होती आणि तिथल्या विजेऱ्यांत साठवलेली वीज पाच तास पुरणार होती.

नियंत्रण अधिकारी श्रीरंग कोट्टावार हा एके काळचा त्यांचाच विद्यार्थी. त्याने पहाटेपासून शहराचा एकेक भाग बंद करत आणला होता, आणि सहा वाजता जुन्या कोळसा खाणीचे पंपही थांबवले होते. त्या पंपांबद्दल कुणाचेच मत चांगले नव्हते. खाण बंद होऊन एकतीस वर्षे झाली, तरी तिच्यात झिरपणारे पाणी रोज उपसावे लागे. ती काठोकाठ भरली तर तिचे आंबट काळे पाणी गावाच्या विहिरींत उतरले असते. उपसलेले पाणी चुना घालून निवळायचे आणि थकल्या तळ्यात सोडायचे. या उपशाला खुद्द अनसूयाबाई प्रत्येक सभेत हसल्या होत्या. दोनशे मीटर खोल खड्डा रिकामा ठेवण्यासाठी वीज जाळणारे आपले एकच शहर, असे त्या म्हणत.

साडेसातला दार ढकलून दौलत गेडाम आत आले. उपसा टोळीचे ते मुकादम, वयाने बाईंहून दोन वर्षांनी मोठे. अंगावरचा रेनकोट निथळत होता. त्यांनी कुणाला नमस्कारही केला नाही.

"वीज बंद केली ते केली," ते म्हणाले. "पण तुमच्या तळ्याचं पाणी माह्या खाणीत उतरून रायलं, त्याचं काय करता?"

श्रीरंगने कपाळाला हात लावला. टेकडी पार खाली आल्यामुळे तळे तुडुंब भरले होते आणि उपशाच्या नळांची तोंडे पाण्यात बुडाली होती, हे त्याच्या ध्यानात आले. पण पाणी उलटे जाऊ नये म्हणून नळात झडपा असतात. त्या कुठे गेल्या, असे त्याने विचारले.

दौलतभाऊंनी जरा इकडे तिकडे पाहिले. मग सरळ सांगून टाकले की झडपा आहेत, पण त्यांत पाचरी ठोकल्या आहेत. पाळी संपून पंप थांबला की झडप घणासारखी आदळे आणि नळाचे सांधे उकलत. नव्या झडपांसाठी चार वेळा अर्ज केले, त्यांचे उत्तर आले नाही. म्हणून टोळीने दोन वर्षांपूर्वी सागाच्या पाचरी तासल्या. पंप थांबले की थोडे पाणी माघारी येते, पंप दोन मिनिटे उलटे फिरतात आणि थांबतात. आज मात्र थांबायचे नाव नव्हते.

श्रीरंग नियमांबद्दल बोलू लागला होता, पण अनसूयाबाईंनी हात वर केला.

"दौलतभाऊ, पंप आत्ता उलटे फिरताहेत?"

"दीड तास झाला. जवळ उभं राहवत नाही, असे गरगर फिरून रायले."

"आणि वीज बंद आहे?"

"तुमीच केली ना जी."

"मग त्यांना फिरवतंय कोण?"

बाईंना वेड लागले असावे, असे दौलतभाऊंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. बाई मात्र खुर्चीत बसल्या आणि स्वतःशीच हसू लागल्या. ते हसू काही बरे नव्हते, डोळ्यांत पाणी आणणारे होते.

"श्रीरंग, स्थितिज ऊर्जेचा पहिला पाठ आठवतो का तुला?"

त्याने परीक्षेत द्यावे तसे उत्तर दिले. वस्तूच्या स्थितीमुळे किंवा मांडणीमुळे तिच्यात साठते ती स्थितिज ऊर्जा. ताणलेल्या धनुष्यात असते, चावी दिलेल्या घड्याळाच्या कमानीत असते. कोळशातही असते, तिथे ती अणूंच्या मांडणीत असते. उंचावरच्या दगडात ती असते, कारण पृथ्वी त्याला ओढते.

"उंचावरच्या म्हणजे कशापासून उंच?"

श्रीरंगने भिंतीवरच्या रेघेकडे पाहिले.

"दगडाला स्वतःची अशी उंची नसतेच," बाई म्हणाल्या. "उंची दोन जागांमधली असते. शून्य कुठे मानायचं ते आपण ठरवायचं, निसर्गाला त्याचं सोयरसुतक नाही. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहून दाखवलं आणि मग स्वतःच भिंतीवर एक रेघ मारली, नि तीच खरी मानून बसले. तळ्यातलं पाणी थकलेलं नाही, रे. ते दोनशे मीटर उंचावर आहे. खाली दौलतभाऊंची खाण आहे."

मग सगळे भराभर सुचत गेले. उलटा फिरणारा पंप म्हणजे जलचक्रच, आणि उलट चालवलेली मोटर म्हणजे जनित्र. चारही पंप मिळून इस्पितळापुरती वीज सहज देतील. अडचण दोन ठिकाणी होती. मोटरचे जनित्र व्हायला सुरुवातीला बाहेरून थोडी वीज लागते. टेकडीत ती उरली नव्हती, म्हणजे इस्पितळाच्या विजेऱ्यांतून घ्यायची. श्रीरंगने आकडे मांडले. पाच तासांतला एक तास त्यात जाणार, आणि प्रयोग फसला तर तो तास एकतीस माणसांच्या श्वासातून गेलेला असणार.

दुसरी अडचण खाणीतली. खाली उतरलेले पाणी चढत चढत पंपांपर्यंत पोहोचले की खेळ खलास. बाईंनी नकाशा मागवला तेव्हा दौलतभाऊ म्हणाले की कागद राहू द्या. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर मोजू लागले. उताराकडची पाच नंबरची गॅलरी, मग सात, मग जिथे छत बसले होते ती नऊ. कोणत्या बोगद्यात किती पाणी मावते ते त्यांना स्वतःच्या घरातल्या रांजणांसारखे पाठ होते.

"एकोणतीस तास," डोळे उघडून ते म्हणाले. "तिसाव्या तासाले पंपाचे पाय भिजतीन."

"आभाळ चोवीस तासांत उघडणार आहे," श्रीरंग म्हणाला.

"ते आभाळाले सांगा."

अनसूयाबाईंना ठाऊक होते की श्वासयंत्रांवरच्या एकतीस जणांत सगुणाबाई गेडाम होत्या, म्हणजे दौलतभाऊंची बायको. दौलतभाऊ आल्यापासून त्याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. बाईंनी त्यांना बाजूला नेऊन हलक्या आवाजात विचारले, तो एक तास उचलायचा ना?

दौलतभाऊंनी रेनकोटची गुंडी लावली. "एकतीस वर्षांत माह्या पंपांनं मले कधी तोंडघशी पाडलं नाही. उचला."

टोळी खाली उतरली. साडेनऊला इस्पितळाच्या विजेऱ्यांमधली वीज तारेतून खाणीकडे निघाली. नियंत्रण कक्षात तिघेचौघे पडद्याभोवती दाटीने उभे होते. पहिला पंप थरथरला आणि त्याची वीज आली तशी गेली. दुसऱ्याचे तेच झाले. खालून दौलतभाऊंचा आवाज दूरध्वनीवर आला, की गती जास्त आहे, पाचर जरा बाहेर सरकवतो. मग खटखट असा आवाज ऐकू आला. दोन वर्षे नियमाविरुद्ध बसवलेली सागाची पाचर घणाने बोटभर बाहेर आली, झडप थोडी मिटली, पाणी आवळले गेले, पंप आवरला आणि पडद्यावरचा आकडा स्थिर झाला. दुपारपर्यंत चारही पंप वीज देऊ लागले. इस्पितळातून निरोप आला की विजेऱ्या उलट भरू लागल्या आहेत.

चोविसावा तास उलटला, आणि आभाळ काही उघडले नाही. सव्वीस झाले, सत्तावीस झाले. बाई दर अर्ध्या तासाने खाली फोन करून पाणी कुठवर आले ते विचारत आणि दौलतभाऊ निवांतपणे उत्तर देत. पंपांपासून चार हात खाली. तीन हात. अठ्ठाविसाव्या तासाला ते दोन हातांवर आले तेव्हा बाई दर पाच मिनिटांनी फोन करू लागल्या, आणि दौलतभाऊ टोळीसाठी चहा मागवत होते. त्यांचे काळीज दगडाचे असावे असे बाईंना वाटले.

एकोणतीस तास पुरे व्हायला वीस मिनिटे असताना सौरपत्र्यांवर ऊन पडले. आधी एक कवडसा, मग सगळे माळरान लखलखले. श्रीरंगने शहराचा भोंगा वाजवला, तेवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि लोक घराबाहेर येऊन उन्हात नुसतेच उभे राहिले. एकतीसच्या एकतीस माणसे श्वास घेत होती.

चौथ्या दिवशी पूल मोकळा झाला आणि सगुणाबाईंची नळी निघाली. त्या दुपारी दौलतभाऊ अनसूयाबाईंच्या दारी आले. सभांमध्ये जे बोलत आलात ते आता माझ्या माणसांसमोर येऊन बोला, असे त्यांनी सांगितले. बाई लगेच निघाल्या. आयुष्यभर टेकडीच्या माथ्यावर वावरलेल्या या बाई खाणीत कधी उतरल्या नव्हत्या. खाणीत उतरायचा लोखंडी पिंजरा, म्हणजे डोली, कुरकुरत दोनशे मीटर खाली गेली आणि त्यांच्या कानांत दडे बसले.

पंपघरात टोळीची बावीस माणसे उभी होती. बाईंनी प्रास्ताविक वगैरे केले नाही. त्या म्हणाल्या की मी तुमच्यावर हसले ते चुकले. वर उचललेला दगड आणि खाली राखलेली पोकळी ही एकाच ऊर्जेची दोन रूपे आहेत. मी काल हिशेब केला. विहिरींना धक्का न लावता या खाणीत जेवढे पाणी सोडता येईल, त्यातून माझ्या टेकडीच्या दुपटीहून जास्त वीज मिळते. ही पोकळी एकतीस वर्षे तुम्ही रोज उपसून ठेवलीत.

"म्हणजे आम्ही खड्डा रिकामा करत नव्हतो," मागून कुणी तरी म्हणाले.

"नाही. तुम्ही शहर भरून ठेवत होतात."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने डोक्यावरचे शिरस्त्राण काढून पुसले आणि परत घातले. दौलतभाऊंनी तंबाखूची चिमूट मळता मळता मान हलवली, जणू हे त्यांना कधीचेच माहीत होते.

बाईंनी पिशवीतून खडू काढला. पंपघराच्या खडकाळ भिंतीवर, जमिनीलगत, त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी ठसठशीत शून्य लिहिले.

"आता हे पाथरडोहचं खरं शून्य," त्या म्हणाल्या.

दौलतभाऊ आधी खाकरले. मग त्यांना हसू आवरेना. पाठोपाठ सगळी टोळी हसू लागली आणि त्या पोकळीत हसण्याचे पडसाद उमटत राहिले.

"काय झालं?"

"बाई, हा वरचा थर हाय," दौलतभाऊ डोळे पुसत म्हणाले. "याच्या खाली नव्वद मीटरवर कोळशाचा दुसरा थर हाय. मधात लोखंडी दार हाय. तिथलं पाणीही आम्हीच काढतो, दोन लहान पंप हायेत. परवा पंपांचे पाय भिजले असते तर दार उघडून देणार होतो, आणखी चार दिवसांचं पाणी मावलं असतं."

"मग त्या वेळी बोलला का नाहीत? माझा जीव जात होता."

"तुमी पाणी कुठवर आलं ते इचारत होत्या जी. जागा किती हाय ते कुठं इचारलं?"

अनसूयाबाई भिंतीकडे पाहत राहिल्या. चार दिवसांत दुसऱ्यांदा त्यांनी पायाखालच्या जमिनीला तळ समजण्याची चूक केली होती, आणि या खेपेला त्यांना त्याचा एवढा आनंद झाला की त्याही त्या बावीस जणांबरोबर मोठ्याने हसल्या. मग पदराने रेघ पुसली, शून्य पुसले, आणि हात झटकून म्हणाल्या, "चला, दार कुठे आहे ते दाखवा."